काक्षीच्या स्फोटाइतकेच त्यानंतर उरणारेही सांगा

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. मृग तारकासमूहातला तांबूस काक्षी (बीटलग्यूज) तारा २०१९-२० च्या हिवाळ्यात एकाएकी मंदावला, तेव्हापासून ‘तो आता फुटणार’ अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. ताऱ्यानेच बाहेर टाकलेल्या वायूची धूळ होऊन ती आड आली, म्हणून तो मंद दिसला, हे पुढे संशोधनातून कळले. ते मात्र तितक्या ठळकपणे वाचल्याचे मला आठवत नाही. तो फुटेल हे खरे, पण त्याला लाखभर वर्षेही लागू शकतील. मला खटकते ते हे की, तारा का फुटतो आणि मागे काय उरते, हे या बातम्यांत कुठेच येत नाही.

सूर्याच्या आठपटींहून जड तारा जन्मभर स्वतःच्याच भाराशी झुंजत असतो. गाभ्यात हायड्रोजनपासून हेलियम, त्यापासून कार्बन, अशी अणुकेंद्रे जुळून (संमीलनातून) एकेक मूलद्रव्ये घडत जातात आणि त्यातून सुटणारी ऊर्जा वरचा भार तोलून धरते. सूर्याच्या वीसपट ताऱ्याला हायड्रोजन कोटीच्या आसपास वर्षे पुरतो, सिलिकॉन मात्र जेमतेम काही दिवस. सिलिकॉनचे लोह झाले की पुढच्या संमीलनातून ऊर्जा मिळत नाही. हा लोहाचा गाभा सूर्याच्या सुमारे १.४ पट, म्हणजे ज्यापलीकडे गाभा स्वतःचा भार पेलू शकत नाही त्या चंद्रशेखर मर्यादेपर्यंत, वाढला की पृथ्वीएवढा तो गोळा एका सेकंदाच्या आत कोसळतो; इलेक्ट्रॉन आणि प्रोटॉन एकमेकांत दाबले जाऊन न्यूट्रॉन तयार होतात आणि न्यूट्रिनो या पदार्थातून सहज आरपार जाणाऱ्या सूक्ष्म कणांचा लोंढा सुटतो. वरचे थर उधळले जातात, तो अतिनवतारा. मागे वीसेक किलोमीटर व्यासाचा न्यूट्रॉन तारा उरतो. गाभा फारच जड असेल तर कृष्णविवर. आपला सूर्य या वाटेने जाणार नाही.

हे केवळ गणित नाही. फेब्रुवारी १९८७ मध्ये मोठ्या मॅगेलन मेघात, म्हणजे आपल्या शेजारच्या छोट्या दीर्घिकेत, सुमारे १,६८,००० प्रकाशवर्षांवर, असा तारा फुटला. त्याचा प्रकाश दिसण्याच्या काही तास आधी जपान, अमेरिका आणि सोव्हिएत संघातील भूमिगत यंत्रांनी मिळून पंचवीसच्या आसपास न्यूट्रिनो टिपले. कोसळणाऱ्या गाभ्याची वार्ता माणसाला थेट मिळाली ती त्या दोन डझन कणांतून, आणि मला ती अजूनही थक्क करते.

चिनी निरीक्षकांनी १०५४ साली नोंदवलेला ‘पाहुणा तारा’ही असाच मेला. त्याच्या जागी आज खेकडा तेजोमेघ, म्हणजे उधळलेल्या वायूचा ढग, आहे आणि त्याच्या पोटातला न्यूट्रॉन तारा सेकंदाला सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. अशा फिरत्या न्यूट्रॉन ताऱ्यांचे, म्हणजे स्पंदकांचे, रेडिओ ठोके टिपणारी, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची दुर्बीण पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडदला आहे, हे आपल्याच वाचकांना सांगायला हवे.

थंडीत मृगातला काक्षी आणि वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी असलेली १०५४ च्या स्फोटाची जागा रात्री एकाच नजरेत मावतात. तेजोमेघ पाहायला लहान दुर्बीण लागते, त्यात तो फिकट डागासारखा दिसतो. येत्या डिसेंबरच्या आकाशनकाशात या दोन्ही जागांवर खूण करून छापावी, ही विनंती.

आपला नम्र,
एक नियमित वाचक