चमकीवाले गळ पाठवतोय, फक्त हिसका मारू नकोस

प्रिय मध्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली आणि बसमध्येच एवढा हसलो की शेजारची बाई सरकून बसली. गळाला मुंडावळ्या कुणी बांधल्या म्हणे! पण लेका खरंच तसंच दिसतं ते, मी इतके दिवस वापरतोय आणि मला कधी सुचलं नाही. त्याला इथे न्यूझीलंडमध्ये फ्लॅशर रिग म्हणतात. व्हॉइस नोटमध्ये सांगायला गेलो तर तू अर्ध्यात बंद करतोस हे माहितीये, म्हणून पत्र. सोबत सहा पाकिटंही पाठवतोय, पण आधी हे पूर्ण वाच, मग पाकीट फोड.

वस्तू साधी आहे. मीटरभर जाड नायलॉन, वरच्या टोकाला स्विव्हल म्हणजे गरगर फिरणारी कडी, खालच्या टोकाला शिसं अडकवायला फास, आणि मधे बाजूला निघालेल्या दोन-तीन आखूड फांद्या, प्रत्येकीच्या टोकाला एक गळ. गळाच्या मानेवर चमकी, पिसं आणि अंधारात चमकणारा एखादा मणी. आप्पा बांगड्यासाठी कोंबड्याची पांढरी पिसं बांधायचे आठवतंय? तेच रे, फक्त इथे ते पाकिटात घालून विकतात. मणी पाण्यात सोडायच्या आधी मोबाईलच्या टॉर्चखाली धरायचा, मग खाली जाऊन उजेड देतो. तीस-पस्तीस मीटरवर लाल रंग जवळजवळ दिसतच नाही, पाणी तो सगळ्यात आधी खातं, त्यामुळे दुकानात आपल्याला जे झ्याक दिसतं ते माशाला दिसेलच असं नाही.

आता माझी फजिती ऐक. पहिल्यांदा गेलो ते शेजारच्या म्हाताऱ्याच्या टिनीतून, म्हणजे ॲल्युमिनियमची छोटी बोट, ऑकलंडहून तिरितिरी मातांगी बेटाच्या बाहेर. मी आपला देवगडचा, मला काय शिकवणार हे लोक, असा तोरा. प्रत्येक गळाला अख्खा पिल्चर्ड लावला, म्हणजे आपल्या तारलीसारखाच असतो, गळाचं टोकसुद्धा दिसेना. आणि दोरी थरथरली रे थरथरली की जेटीवर मारायचो तसा खांद्यातून हिसका. सलग नऊ वेळा रिकामा गळ वर आला. नऊ! म्हाताऱ्याने तोवर चार स्नॅपर मासे टाकले होते बर्फात, आणि तो एक शब्द बोलत नव्हता, ते जास्त लागलं. शेवटी म्हणाला, रॉड होल्डरमध्ये ठेव आणि हात खिशात घाल.

ह्या गळाचं टोक आत वळलेलं असतं, पोपटाच्या चोचीसारखं. मासा आमिष तोंडात घेतो आणि वळून निघतो, तेव्हा दोरी ताणली जाते आणि गळ सरकत येऊन जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. तू हिसका मारलास की तो तोंडातून सरळ बाहेर. आणि आमिष मोठं लावलंस तर टोक आणि दांडा यातली फट भरून जाते, मग गळाला पकडायला जागाच राहत नाही. म्हणून म्हाकुलाची बोटाएवढी चिंचोळी पट्टी घ्यायची, एकाच टोकाला टोचायची, बाकीची खाली लोंबू दे. दोरी ताणलेली ठेव, ढिली नको. टुक टुक झालं तरी गप बस. रॉड वाकून वाकलेलाच राहिला की मग शांतपणे गुंडाळायला घे. मला माहितीये तुला हे जमणार नाही, मला जमायला चार फेऱ्या लागल्या, हात खिशातून आपोआप बाहेर यायचा.

पण जमल्यावर मजा बघ. शिसं तळाला टेकलेलं, गळ वेगवेगळ्या उंचीवर, त्यामुळे एकाच फेरीत वेगवेगळी गिऱ्हाईकं. एकदा माझ्या खालच्या गळाला गर्नार्ड, मधे स्नॅपर, वर काहवाई, अशी वरात वर आली. गर्नार्ड हा प्रकार तुला दाखवायलाच हवा. अंगाने लालबुंद, आणि पर उघडले की फुलपाखरासारखे निळे-हिरवे, आणि त्या पराखाली बोटांसारखे सुटे काटे, त्यांच्यावर तो तळाला चक्क चालतो. वर काढला की घुर्र घुर्र आवाज करतो. माओरी नाव कुमुकुमु. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं इंजिन बिघडलं. स्नॅपर म्हणजे आपली तांबोशी समजू नकोस, तिलाही इंग्रजीत स्नॅपर म्हणतात, पण नाव तेवढं सारखं, हा वेगळ्या घराण्यातला, गुलाबी अंगावर निळे ठिपके. आणि काहवाई नुसती ताकद, पण पकडल्या पकडल्या कल्ले कापून रक्त काढावं लागतं, नाहीतर घरी येईपर्यंत वास. इथले लोक धुरावर भाजतात, मी तिखलं करतो कोकम घालून, आणि बायको म्हणते बांगड्याच्या जवळ जातं बऱ्यापैकी.

तीन गळांचा एक धोकाही आहे. काहवाई बोटीत घेतली, ती उडते, आणि दुसरा गळ मोकळा लोंबतोय. माझ्या अंगठ्यात शिरला, आणि दुसऱ्या टोकाला दीड किलोचा मासा आपटतोय. म्हाताऱ्याने आधी दोरी कापली, मग मला शिव्या दिल्या. तेव्हा मासा आत आला की आधी मोकळे गळ बोटीच्या कडेला अडकवायचे, मग माशाला हात. पोरं बरोबर असतील तर दोनच गळांचं पाकीट काढ.

हां, आणि मोजपट्टी. इथे लायसन लागत नाही, पण ह्या बाजूला स्नॅपर ३० सेंटीमीटरच्या खाली असेल तर परत सोडायचा, आणि माणशी दिवसाला ७. विकायला अजिबात परवानगी नाही. सुरुवातीला २९ चा सोडताना जीव तुटायचा. तुझ्याकडे महाराष्ट्रातही २०२३ पासून ५४ जातींना किमान लांबी लागू झालीये, तूच सांगितलं होतंस मच्छीमार सोसायटीत केवढी भांडणं झाली ते. ह्या गळाचं बरं म्हणजे तो जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही सहसा, त्यामुळे लहान मासा जिवंत परत जातो.

सहापैकी तीन पाकिटं बारीक गळांची, ती बांगड्यासाठी. तीन मोठ्या गळांची, ती खडकाकडे तांबोशी-गोब्र्याला लाव. खडकात शिसं अडकणारच, म्हणून शिसं फासात सरळ अडकवू नकोस, मधे मुख्य दोरीपेक्षा बारीक वीतभर दोरी बांध, अडकलं तर ती तुटेल, फक्त शिसं जाईल, मुंडावळ्या वाचतील. आणि घरी आल्यावर गोड्या पाण्यात बुचकळ, नाहीतर आठवड्यात गंज. गुंडाळायला पोरांच्या पोहायच्या फोमच्या नळीचा तुकडा घे, पिशवीत कोंबलेस तर मला फोन करून गुंता दाखवू नकोस.

वहिनीचा भाऊ १८ तारखेला पोचतोय, त्याच्या बॅगेत आहेत. दोन पाकिटं आप्पांना दे. ते आधी म्हणणार, "हिसको मारल्याशिवाय मासो गावता काय रे?" त्यांच्याशी वाद घालू नकोस, फक्त त्यांचे हात खिशात राहतील असं बघ आणि व्हिडिओ काढून पाठव.

तुझा,
बंड्या