हॉर्न दाबला म्हणून सिग्नल सुटत नाही

महोदय,

हॉर्नच्या कटकटीबद्दल आपल्या सदरात अधूनमधून पत्रं येतात आणि बहुतेकांचा सूर एकच, मुंबईकरांना शिस्त नाही. मी ३१ वर्षं बेस्टची बस चालवली. आता हिंदमाताजवळ राहतो, गॅलरीतून सिग्नल दिसतो. मला हे शिस्तीचं वाटत नाही. ही सवय आहे, आणि ती सिग्नलच लावतो.

लाल दिवा लागलेला. मागचा टॅक्सीवाला पीऽऽ करतो. काही होत नाही. पुन्हा करतो. पाचव्यांदा दाबतो आणि हिरवा होतो. तो आपल्या वेळेनेच झालेला असतो, पण हाताला हे कोण सांगणार? हाताने टिपलं एवढंच, की दाबलं आणि सुटलो.

माझी नात मानसशास्त्र घेऊन बी. ए. करते. तिने मला स्किनर या अमेरिकी शास्त्रज्ञाचा १९४८ सालचा प्रयोग सांगितला. पिंजऱ्यात भुकेलं कबुतर. त्याने काहीही करो वा न करो, ठरलेल्या वेळाने दाणे आपोआप पुढे येणार. तरीही आठांपैकी सहा कबुतरांना चाळे लागले. एक गिरक्या घेत सुटलं, एक वरच्या कोपऱ्यात डोकं खुपसत राहिलं. दाणे आले तेव्हा जे चाललं होतं, तेच त्यांनी धरून ठेवलं. ऐकून मी गप्पच झालो. निवृत्तीनंतर कितीतरी दिवस दूध वर यायची वाट बघताना माझा तळहात ओट्यावर दाबला जायचा. बायको म्हणायची, "अहो, पुढे बेस्ट नाही, गॅस आहे."

२०१९च्या अखेरीस मुंबई पोलिसांनी काही चौकांत, आमच्या हिंदमातालाही, सिग्नलला आवाज मोजायचं यंत्र जोडून पाहिलं होतं. आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे ९० सेकंद पुन्हा पहिल्यापासून. मला यातलं आवडलं ते हे, की दाबल्याचं फळ त्याच जागी, त्याच क्षणी. ई-चलन येतं मोबाइलवर, तोवर माणूस घरी जेवायला बसलेला. कशाबद्दल आलं, हे डोक्याला कळतं, हाताला नाही.

गप्प उभ्या असलेल्या स्कूटरवालीलाही थांबावं लागेल, हे खरं. रुग्णवाहिकेसाठी वेगळी सोय हवीच. आणि नात म्हणते, पहिले काही दिवस गोंगाट उलट वाढेल. लिफ्ट येत नाही म्हटल्यावर आपण बटण सोडून देत नाही, आणखी चारदा दाबतो, तसं.

तरी हा प्रयोग एखाद्या चौकात सलग वर्षभर करून पाहावा, अशी वाहतूक पोलिसांना विनंती. आमच्याच चौकात करणार असतील तर गॅलरीत खुर्ची टाकून रोज हॉर्न मोजायला मी तयार आहे. दुपारची झोप तशीही होत नाही.

– एक निवृत्त बसचालक, परळ