काका, खापरपणजोबा सापडले

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार आणि शालोम.

तुमचं नाव आणि वाचनालयाचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘काका’. पण आभार मात्र चारचौघांत मानणार, हे मी तेव्हाच सांगून टाकलं होतं.

आम्हा बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या ज्यू लोकांना पूर्वज शोधणं सोपं जात असेल, असं बाहेरच्यांना वाटतं. आडनावातच गाव असतं ना! पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, नवगावकर. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांचा वंश कुलाबा (आताच्या रायगड) जिल्हाभर पसरला, ही कथा आम्ही आजीच्या मांडीवर ऐकलेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हटलं, हेही ठाऊक. पण या कथेपासून थेट आजोबांपर्यंत मधे सगळा अंधार होता.

इस्रायलमध्ये अश्दोदला राहणाऱ्या माझ्या चुलतबहिणीने थुंकीची डीएनए तपासणी करून घेतली आणि टक्केवारीचा रंगीत तक्ता पाठवला. तो मी तुम्हाला मोबाइलवर दाखवला, तेव्हा तुम्ही चष्मा वर सारून विचारलंत, “यात गाव कुठं आहे?” त्या एका प्रश्नावर मी तुमच्यावर विश्वास टाकला.

आडनावाच्या गावी आमचं कुणी पुरलेलंच नाही, हे तुम्हाला आधीच वाटत होतं. तेलघाणा जिथे चालेल तिथे बिऱ्हाड जायचं, आडनाव मात्र मागच्याच गावाचं राहायचं, असं म्हणून तुम्ही 1883 चं कुलाबा गॅझेटियर माझ्यापुढे ठेवलंत. आणि मग ते कोपऱ्यातलं, कुलूप गंजलेलं कपाट उघडलंत. त्यात जुन्या कीर्तनांच्या पातळ पोथ्या होत्या. 1880 नंतर आमच्या लोकांनी आब्राहाम, योसेफ यांच्यावर मराठीत कीर्तनं रचली, हरिदासासारखी उभं राहून केली आणि छापलीही. मी त्यातली पदं वाचत बसले होते. तुम्ही पोथी हातातून घेतलीत आणि उलटी धरून शेवटचं पान काढलंत. तिथे वर्गणीदारांची यादी! नाव, बापाचं नाव, मुक्काम आणि किती प्रती. “पुस्तक लेखकाने लिहिलं असेल, पण शेवटचं पान गावाने लिहिलेलं असतं,” असं तुम्ही म्हणालात. खापरपणजोबांनी एक प्रत घेतली होती. मुक्काम आमच्या आडनावाचा नव्हता.

बाकी जगात लोक वंशावळीसाठी पैसे मोजून संकेतस्थळांचे सभासद होतात. माझा त्याला विरोध नाही, पण कोणत्या कपाटाला हात घालायचा हे सांगणारं माणूस तिथे मिळत नाही.

नावाचा घोळ तुम्ही सोडवलात तोही असाच. घरात आम्ही त्यांचं एक नाव ऐकलेलं, यादीत दुसरंच. तुम्ही मुंबईत मांडवीच्या जुन्या मशिदीचा, म्हणजे आमच्या 1796 च्या सिनेगॉगचा (प्रार्थनास्थळाचा), दाखला दिलात. ती बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर कागदोपत्री सामाजी हसाजी म्हणूनही सापडतात. शमुएलचा सामाजी झाला, एझिकेलचा हसाजी. एवढं कळल्यावर घरातलं नाव आणि यादीतलं नाव एकाच माणसाचं आहे, हे मलाही दिसलं.

आता यादीतल्या त्या मुक्कामाच्या कब्रस्तानाबद्दल. तुम्ही आमचे ना नातेवाईक ना धर्माचे, तरी आलात. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाऊ आणि सकाळी सातला पोचू, ही तुमचीच अट. ऊन तिरपं असलं की झिजलेल्या अक्षरांच्या कडेला सावली पडते, डोक्यावर आलं की दगड कोरा दिसतो. तारेचा ब्रश मी पिशवीत घेतला होता, तो तुम्ही गाडीतच ठेवायला लावलात. खडूही नको म्हणालात. विहिरीचं पाणी, मऊ फडकं आणि उन्हाचा कवडसा टाकायला तुमच्या दाढीचा आरसा, एवढ्यावर काम झालं. शेजारच्या आगरी कुटुंबाकडे फाटकाची किल्ली असते, त्यांच्या बकऱ्या आमच्यामागून फिरत होत्या. गावात आमचं एकही घर उरलेलं नाही आणि किल्ली मात्र पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या खुंटीला आहे. त्यांचेही आभार इथेच मानते.

जुने दगड नुसते काळे, अक्षरच नाही. पुढच्या रांगेत वर हिब्रू, खाली बाळबोध. मराठी तुम्ही वाचलंत, हिब्रू मी अडखळत. खापरपणजोबांच्या दगडावरचं साल काही लागेना. बहिणीला व्हिडिओवर घेतलं, तिने अक्षरांची किंमत सांगितली: ताव 400, रेश 200, नून 50. म्हणजे 650, हजार सोडून दिलेले, पूर्ण साल 5650. खाली शके 1811. तुम्ही तिथेच बसून बसच्या तिकिटामागे हिशेब मांडलात. शकात 78 मिळवले की 1889, हिब्रूच्या 650 मध्ये 1240 मिळवले की 1890. मी म्हटलं, एक वर्षाचा फरक, कुणीतरी चुकलंय. तुम्ही मान हलवलीत. एक वर्ष चैत्रात सुरू होतं, दुसरं सप्टेंबरच्या सुमारास, दोन्ही खरी असतील तर माणूस 1889 च्या सप्टेंबरअखेरपासून 1890 च्या मार्चपर्यंत कधीतरी गेला. पाथरवटाने महिना कोरला नव्हता, तो तुम्ही सहा महिन्यांच्या आत आणून ठेवलात!

यामुळे घरातली एक गोष्ट कोलमडली. खापरपणजोबा प्लेगात गेले म्हणून पणजोबा पोरवयात मुंबईला आले, असं आम्ही सांगत आलो. मुंबईत प्लेग आला 1896 ला. बाप त्याआधीच गेला होता. मग पणजोबा मुंबईला का आले? घाण्याचं काय झालं? हे नवे प्रश्न तुम्ही माझ्या गळ्यात घातलेत, त्याबद्दल आभार मानावेत की भांडावं, कळत नाही.

आणि शेजारचा लहान दगड. वर्गणीदारांच्या यादीत बायका नव्हत्या, आमच्या बोलण्यातही नव्हत्या. खापरपणजीचं नाव कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही फडकं फिरवलंत आणि मोठ्याने वाचलंत. अश्दोदला बहीण ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, मग तिने फोन ठेवून दिला.

सगळ्या दगडांचे फोटो आणि मजकूर टंकून एक प्रत तुमच्या वाचनालयासाठी पाठवते आहे. त्या कपाटातच ठेवा, पण कुलूप बदला. खर्च माझा.

तू-बिश्वातला, म्हणजे झाडांच्या सणाला, अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या टाप्यापाशी (संदेष्टा एलियाच्या रथाची खूण मानतात त्या खडकापाशी) आमचा मलिदा, म्हणजे प्रसादाचा विधी आहे. पोहे, खोबरं, फळं, सगळं शाकाहारी, काकूंना घेऊन या. आणि मुरूडच्या बाजूला एक कब्रस्तान तुम्ही म्हणाला होतात, ते पाऊस सुरू व्हायच्या आत जमेल का? आरसा मी आणते.

तुमची,
ठाण्याची भाची