सम्या, प्लेटा लगेच फेकू नका

प्रिय सम्या,

परवा फोनवर तू म्हणालास ना, की इंटर्नशिप धरून एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची ३, डीएमची (एमडीनंतरची सुपरस्पेशालिटी) ३, एवढं शिकलास तर आता नाशिकला गंगापूर रोडला गाळा घे, स्कोपीचं (नळी घालून पोट आतून बघायचं) मशीन टाक आणि सेटल हो, रिसर्चचं खूळ सोड. आईपण तेच म्हणते. तेव्हा बाहेर पेशंट बसलेले, नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

दिंडोरीकडचे एक काका आहेत, द्राक्षबागवाले. अल्सर निघाला. स्कोपीत जठराचा बारीक तुकडा घेऊन युरियाच्या किटमधे टाकला तर बघता बघता पिवळ्याचा गुलाबी, म्हणजे अल्सर करणारा पायलोरी जंतू आहेच (युरियापासून अमोनिया करूनच तो ॲसिडमधे तग धरतो, हे तुला मी काय सांगायचं). १४ दिवसांचा कोर्स दिला, दोन अँटिबायोटिक आणि ॲसिड कमी करायची गोळी. काकांनी एक डोस चुकवला नाही, रिकामी पाकिटं पिशवीतून आणून दाखवली. दोन महिन्यांनी, ॲसिडची गोळी १५ दिवस बंद ठेवून स्टूल टेस्ट केली तर परत पॉझिटिव्ह. "डॉक्टर, माझं काय चुकलं?" म्हणाले. काहीच चुकलं नव्हतं रे त्यांचं. जंतू क्लॅरिथ्रोला (त्या दोनातलं एक अँटिबायोटिक) दाद देत नसणार, गावात खोकला झाला की अझिथ्रो देतात, ती त्याच घराण्यातली, तिला सरावलेला जंतू हिलाही जुमानत नाही. पण हा सगळा अंदाज, कल्चर करायची, म्हणजे जंतू वाढवून त्याला कुठलं औषध लागू पडतं ते बघायची, सोय इथं माझ्याकडे नाही, दुसरा कोर्स पण अंदाजानेच दिला आणि तेच मनातून जात नाहीये.

पायलोरीवाला बॅरी मार्शल आठव. पर्थला शिकाऊ डॉक्टर होता, पेशंट बघणारा. पॅथॉलॉजीतल्या रॉबिन वॉरेनला मायक्रोस्कोपखाली वाकडे जंतू दिसायचे, पण कल्चरला उगवेनात, कारण लॅबवाले दोन दिवसांत प्लेटा (जंतू वाढवायच्या बशा) फेकून द्यायचे. १९८२ ला ईस्टरची सुट्टी आली, प्लेटा तशाच राहिल्या आणि जंतू उगवला! १९८४ ला मार्शलने तो स्वतः प्यायला, २००५ ला दोघांना नोबेल. सगळे पिण्याचीच गोष्ट सांगतात, मला त्या सुट्टीतल्या प्लेटा जास्त आठवतात. आणि आपल्याकडे कोलकात्यात शंभूनाथ डे, सशाच्या आतड्याला गाठी मारून मधल्या भागात प्रयोग करायचे, १९५९ ला त्यांनी दाखवलं की कॉलऱ्याचे जंतू गाळून काढले तरी उरलेल्या द्रवानेच आतड्यात पाणी भरतं, म्हणजे तिथं विष आहे. केवढं मोठं काम, आणि केवढ्या साध्या सामानावर.

तर ठरलंय, चार दिवस ओपीडी आणि स्कोपी, दोन दिवस हे पायलोरीच्या कल्चरचं काम. पैसे कमी येतील, आईची समजूत मी काढीन.

एथिक्स कमिटीकडे अर्ज टाकलाय. मंजुरी आली की पेशंटची संमती घेऊन जठराचे दोन तुकडे जास्तीचे घ्यायचे, बर्फात ठेवून सकाळच्या बसने पुण्याला, दुपारपर्यंत तुझ्या लॅबमधे, तुझ्या हातात. जंतू वाढायला लागणारा कमी ऑक्सिजन, दमटपणा वगैरे तू बघशीलच. फक्त लॅबमधल्या पोरांना आत्ताच सांगून ठेव, दोन दिवसांत काही दिसलं नाही म्हणून प्लेटा फेकायच्या नाहीत, १० दिवस ठेवायच्या.

काकांची पुढची टेस्टपण पॉझिटिव्ह आली आणि ते हो म्हणाले, तर पहिले तुकडे त्यांचेच पाठवतो.

तुझा,
पक्या