तुळशीला जाणारं पाणी

गर्लगुंजी, ता. खानापूर, जि. बेळगाव
18 मे 2025

प्रिय परशा,
सप्रेम नमस्कार.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी भट्टीपाशी होतो. ओतकाम चालू होतं. सुमनवहिनींना मुतखडा निघालाय एवढं कानावर पडलं, आणि "लतावहिनीच्या वेळी काय काय झालं ते सगळं मला नीट सांग" असं तू म्हणालास तेवढ्यात फोन तुटला. रात्री करणार होतो, पण हे फोनवर सांगून व्हायचं नाही. आज रविवार आहे, आई देवळात गेलीय, पोरं मामाकडे आहेत. सगळं लिहूनच काढतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातली रात्र. अडीच वाजले असतील. मला जाग आली ती लताच्या पावलांनी. ती सोप्यात येरझाऱ्या घालत होती. डावा हात कमरेवर, बरगडीच्या खाली गच्च दाबलेला. दोन फेऱ्या मारायची, खांबाला धरून खाली बसायची, परत उठायची. कुशीवर निजून बघितलं, पालथी निजून बघितलं, कशानंच बरं वाटेना. दोन बाळंतपणं झाली तिची, तेव्हाही तोंडातून आवाज काढला नव्हता तिनं. त्या रात्री खांबाला कपाळ टेकून म्हणाली, "मला काहीतरी करा हो."

आई उठली. "काय होऊलंय गे तुला?" म्हणून तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, वायगोळा उठलाय. ओवा-मीठ दिलं, ते उलटून पडलं. तव्यावर मीठ भाजून फडक्यात बांधलं आणि पाठ शेकली, त्यानं मात्र जरा उतार पडल्यासारखा वाटला. दहा-पंधरा मिनिटं बरी गेली. मी म्हटलं, चला, थांबलं. तोवर परत कळ आली, पहिलीपेक्षा मोठी, आणि आता कमरेतून पुढं जांघेपर्यंत उतरलेली. अंगाला दरदरून घाम. परशा, तेव्हा माझे हातपाय गार पडले. काय असेल ह्याचा पत्ता नाही, आणि माणूस डोळ्यांसमोर तडफडतंय.

शेजारच्या बाळूची ओम्नी काढली. खानापूर रस्त्यानं बेळगाव तसं किती लांब, तुला माहीत आहेच. पण त्या रात्री मच्छे येईपर्यंतच जन्म गेल्यासारखा वाटला. गाडीत ती गुडघ्यांवर उलटी वाकून बसली होती आणि प्रत्येक खड्ड्याला माझं मनगट पिळत होती.

दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरांनी तिची ती तगमग बघूनच ओळखलं. म्हणाले, पोटात दुसरं काही बिघडलं असलं की पेशंट हलायला तयार नसतो, अंग चोरून पडून राहतो. खड्याच्या कळेत माणूस एका जागी ठरत नाही. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. वीसेक मिनिटांत तिची मूठ सुटली आणि अर्ध्या तासात ती झोपली. मी कॉटच्या लोखंडी पायाला टेकून खाली बसलो आणि मलाच रडू आलं.

सकाळी लघवी तपासली, त्यात रक्त निघालं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रपिंडाला सूज, आत पाणी तुंबलेलं. सीटी स्कॅनमध्ये खडा दिसला, 5 मिलिमीटरचा, लघवीची नळी मूत्राशयाला मिळते त्या तोंडाशी अडकलेला. मी विचारलं, एवढ्याशा खड्यानं एवढं? डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतची ती नळी असते 25 सेंटीमीटरच्या आसपास लांब, आणि आतून रुंदी जेमतेम 3-4 मिलिमीटर. मला शेतातला पाट आठवला. खाली कचरा अडकून पाट तुंबला की वरचा वाफा भरून बांध फुटायला येतो, तसं वर मूत्रपिंड ताणतं. आणि नळी तो खडा पुढं ढकलायला पिळवटत राहते, म्हणून कळ लाटेसारखी येते आणि जाते. मधे थांबली म्हणून खडा गेला असं धरायचं नाही. मी तेच धरलं होतं.

आता तुझ्या कामाचं. वहिनींचा खडा किती मोठा आणि कुठं आहे ते रिपोर्टवर बघ, सगळं त्याच्यावर आहे. 5 मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपले आपण पडतात, खाली उतरलेला असला तर जास्तच. 10च्या वर गेलेला आपसूक पडायची आशा फार थोडी. मग दुर्बीण घालून लेसरनं फोडतात, बाहेरून लहरींनी फोडतात, मूत्रपिंडातला मोठा असला तर पाठीतून बारीक भोक पाडून काढतात. लताच्या वडिलांना आमच्या लग्नाच्या आधी मिरजेला नेऊन कमरेत हातभर चिरून खडा काढला होता, ती खूण त्यांच्या अंगावर अजून आहे. तशी चिरफाड आता क्वचितच करावी लागते, त्याची धास्ती घेऊ नका. सासऱ्यांचं हे मी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तर लवकर लक्ष द्यायला हवं होतं, रक्ताच्या नात्यात कुणाला झालेला असला की आपल्यालाही व्हायचा संभव जास्त.

लक्ष कसं देणार होतो आम्ही? पंधरा दिवस आधी तिची कंबर धरली होती. एका डॉक्टरकडे दाखवलं, त्यांनी पाठदुखीच्या गोळ्या देऊन वाटेला लावलं. त्या दिवशी नुसती लघवी तपासली असती तर, असं अजून मनात येतं.

आणि एक गोष्ट घट्ट लक्षात ठेव. खडा अडकलेला असताना थंडी वाजून ताप आला, तर सकाळ व्हायची वाट बघू नकोस, मध्यरात्र असली तरी गाठ दवाखाना. तुंबलेल्या पाण्यात पू झाला की जिवावर बेततं. लघवी अजिबात होईना झाली, किंवा उलट्या थांबेनात आणि पोटात गोळी टिकेना, तरी तसंच. आम्हाला हे कागदावर लिहून दिलं होतं, तो कागद मी कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी नळी सैल पडायची गोळी देऊन घरी सोडलं. सोडताना एक सिस्टर आल्या, धारवाडकडच्या असाव्यात, मराठी त्यांना येत नव्हती. रात्रीही त्यांनीच "एल्ली नोवैतरी अक्का?", कुठं दुखतंय ताई, म्हणून लताला विचारलं होतं. लता तर दुकानात दिवसभर कानडी बोलते, पण कळेपुढं तिला धड मराठीही सुचत नव्हती, नुसता हात कमरेवर दाखवला होता. सकाळी मात्र दोघी बोलत बसल्या. दिवसाला किती पाणी पिता, असं सिस्टरनी विचारलं. लता गप्प. मग त्या बाईनं काय विचारावं? "अल्ली बाथरूम ऐतेनरी?" तिथं बाथरूम आहे का. लता माझ्याकडे बघून मग खाली बघत म्हणाली, "इल्लरी." नाही.

तुला तिच्या दुकानाचं ठाऊक आहे, बेळगावातलं कापडाचं. नाव लिहीत नाही. सकाळी दहा ते रात्री आठ उभं राहून साड्या उलगडायच्या आणि घड्या घालायच्या. पाच बायका कामाला आणि त्यांच्यासाठी संडास नाही. शेजारच्या कॉम्प्लेक्समध्ये एक आहे, त्याला कुलूप, किल्ली मालकाच्या गल्ल्यात. चार गिऱ्हाइकांच्या देखत पुरुषमाणसाकडे ती किल्ली मागायची. म्हणून त्या मागतच नव्हत्या. पाणीच प्यायच्या नाहीत. सकाळी घरातून निघताना अर्धा कप चहा, दुपारी डब्याबरोबर दोन घोट, ते थेट रात्री घरी येऊन. चार वर्षं.

आणि परशा, मी हे रोज बघत होतो. रोज रात्री ती घरात शिरायच्या आधी पिशवीतली पाण्याची बाटली काढायची आणि तुळशीला ओतायची. निळ्या झाकणाची लिटरची बाटली. पाऊण तरी भरलेलीच असायची. मला वाटायचं, देवाधर्माचं काहीतरी आहे तिचं, बरं वाटायचं बघून. ते न प्यालेलं पाणी आहे हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. मी कुठं काम करतो? उद्यमबागेत, फाउंड्रीत. 1400 अंशाचं लोखंड ओततो आम्ही. आमच्या साच्यांच्या रांगेशेजारी पाण्याचे दोन जार भरलेले असतात, उन्हाळ्यात ताक येतं, आणि सुपरवायझर दर तासाला "पाणी प्या रे" म्हणून ओरडत फिरतो. अंगातलं पाणी आटलं की लघवी घट्ट होते आणि क्षार खाली बसतात, हे मला वीस वर्षांपासून पाठ आहे. घरी येऊन तिला विचारलं नाही कधी. हे मला फार लागलंय.

घरी आल्यावर सगळा गाव औषधं घेऊन आला. आईनं हुलग्याचं कट केलं, ते डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले जेवणात खुशाल घ्या, पण त्याच्या भरवशावर तपासणी चुकवू नका. कुणी विहिरीच्या कडेची पानफुटी आणून दिली. ती मात्र त्यांनी नको म्हटलं, तिच्यात हृदयावर परिणाम करणारी द्रव्यं असतात. बाळूनं बिअर सुचवली. तुलाही कुणीतरी सुचवेलच. तिनं लघवी होते खरी, पण मागून अंग कोरडं पडतं, ऐकू नकोस. आणि कळ आलेली असताना तांब्यावर तांब्या पाणी पाजू नका. आई तेच करत होती. त्यानं खडा ढकलला जात नाही, उलटी तेवढी होते. तहानेपुरतं द्यायचं, जोर लावायचा तो कळ गेल्यावर.

लघवी चहाच्या जुन्या गाळणीतून गाळायला सांगितली होती. तिला संकोच वाटायचा. अकराव्या दिवशी पहाटे मला हाक मारून उठवलं आणि गाळणी पुढं केली. जाळीवर ज्वारीच्या दाण्याएवढा खडा, तपकिरी, आणि अंगभर बारीक काटे. बोटावर घेतला तर टोचला. एवढासा तो काटेरी दाणा तिच्या आतून उतरला होता. आम्ही दोघं न्हाणीच्या उंबऱ्यात बसून दिवा धरून बघत राहिलो कितीतरी वेळ.

खडा फेकू नका बरं का, तपासायला द्या. लताचा कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला, बहुतेकांचा तोच असतो. कॅल्शियम म्हटल्याबरोबर आईनं तिचं दूध-दही बंद केलं, टोमॅटोही बंद. दोन्ही चूक. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि बाहेर नेतं, दूध तोडलं तर ते ऑक्झलेट मोकळं होऊन लघवीत जास्त उतरतं. टोमॅटोत ते थोडंच असतं, उगाच बदनाम झालाय बिचारा. असतं ते पालकात, अळवात, शेंगदाण्यात, कोऱ्या चहात. अळू खाल्लं की घसा खवखवतो ना, त्या ह्याच क्षाराच्या सुया. पावसाळ्यात आमच्या इथं परड्यातलं अळू दिवसाआड ताटात असायचं, यंदा बेतानं. मीठही कमी करायचं, लोणचं-पापड आम्ही ताटातून उतरवलं. लिंबू मात्र रोज, त्यातलं सायट्रेट खडा बनू देत नाही. हे सगळं लताच्या खड्याचं सांगितलं. युरिक ॲसिडचा निघाला तर पथ्य वेगळं, म्हणून वहिनींचा तपासल्याशिवाय कशाला हात लावू नका.

एकदा खडा झालेल्यांपैकी सुमारे निम्म्यांना दहा वर्षांत परत होतो, असं डॉक्टर म्हणाले. त्यावर एकच मोठा उपाय, दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी, म्हणजे तीनेक लिटर पाणी पोटात जायला हवं. अडीच लिटर लघवी होणाऱ्या बाईला संडासाची किल्ली लागणारच.

मी मालकाशी बोलायला जाणार होतो, लतानं जाऊ दिलं नाही. म्हणाली, माझं मी बघते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची झेरॉक्स घेऊन पाचही जणी मिळून गल्ल्यासमोर उभ्या राहिल्या. काय बोलल्या ते मला अजून सगळं सांगितलेलं नाही तिनं. दोन दिवस मालक घुश्शात होता. तिसऱ्या दिवशी किल्ली साड्यांच्या कपाटाच्या बाजूला खिळ्यावर आली. आता कुणाला विचारावं लागत नाही.

सुमनवहिनी त्या पॅकिंगच्या कंपनीत अजून आहेत ना? तिथं कसं आहे ते त्यांना विचार. दिवसभरात पाणी पितात का, आणि नसतील तर का, हे तू स्वतः विचार, त्या आपणहून सांगणार नाहीत. रिपोर्टचा फोटो मला पाठव, इथल्या डॉक्टरांना दाखवतो.

आईनं तुझ्यासाठी हुलगे काढून ठेवलेत, बाळू पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय त्याच्याकडे देतो. भाताच्या पेरणीआधी चार दिवस जमत असेल तर वहिनींना घेऊन ये.

लता बाजारातून आली वाटतं. बाटली रिकामी आहे, तुळशीला पाणी न्हाणीतून आणायला निघालीय.

तुझा,
नामदेव