आधी भिंती मोज, मग राउटर घे

सातारा,
रविवार दुपार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू व्हॉट्सॲपवर पाठवलेली तीन राउटरांची नावे पाहिली. "आई, यांपैकी कोणता घेऊ?" या तुझ्या प्रश्नाला एका नावात उत्तर देऊन मोकळे व्हावे, असे तुझ्या बाबांचे म्हणणे पडले; परंतु दूरध्वनी केंद्राच्या टेस्ट डेस्कवर सव्वीस वर्षे काढलेल्या बाईला लाइन मोजल्याशिवाय निदान सांगवत नाही. १९८ वर तक्रार नोंदवताना ग्राहक ठामपणे सांगत असे की यंत्रच बिघडले आहे, आणि आम्ही मोजमाप करत गेलो की दोष बहुधा यंत्रात नसून वाटेतल्या एखाद्या ओल धरलेल्या सांध्यात निघत असे. तुझ्या व्हिडिओ कॉलमध्ये माणसे मध्येच गोठतात याचे कारणही कदाचित राउटर नसेल, म्हणून हे लांबलचक पत्र लिहीत आहे.

फायबरच्या पेटीपासून, म्हणजे इंटरनेटची तार घरात येऊन जिथे संपते त्या खोक्यापासून, तुझ्या लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत जी जागा सर्वांत अरुंद असेल, तिच्यावर तुझा वेग ठरतो. ती जागा राउटरात असेल तर राउटर बदलून उपयोग होईल. भिंतीत असेल तर दहा हजारांचा राउटर आणूनही फारसा फरक पडणार नाही.

हे शहाणपण मला उशिरा आले, तेही पैसे घालवून. तीन वर्षांपूर्वी इथल्या घरासाठी मी सहा अँटेनांचा एक राउटर दुकानदाराच्या शब्दावर उचलून आणला होता. आपला प्लॅन तेव्हा १५० एमबीपीएसचा (सेकंदाला १५० मेगाबिट) होता आणि राउटरला केबल लावून मोजले तरी आकडा ९४ च्या पुढे सरकत नव्हता. मी सेवा देणाऱ्यांकडे दोन वेळा तक्रार केली, त्यांचा मुलगा दोन वेळा येऊन गेला, आणि अखेर एके दिवशी खोका उलटा करून बारीक अक्षरे वाचली तेव्हा दिसले की त्याचे पोर्ट, म्हणजे केबल खोचायच्या जागा, '१०/१००' चे आहेत. असा पोर्ट कागदावर १०० एमबीपीएसचा असतो, पण माहितीच्या प्रत्येक पुडक्याभोवतीच्या वेष्टनात थोडी जागा जाते, त्यामुळे हाती साधारण ९४-९५ लागतात. म्हणजे दर महिन्याला आम्ही १५० चे पैसे भरत होतो आणि दारातच तिसरा हिस्सा परत पाठवत होतो. आयुष्यभर लाइन मोजलेल्या बाईने अँटेना मोजून राउटर घेतला, असे तुझा भाऊ अजून म्हणतो, आणि त्यात खोटे काही नाही.

म्हणून तुझ्या यादीतला टीपी-लिंकचा आर्चर सी २० मी पहिल्यांदा बाद करते. स्वस्त आहे, चांगला चालतो, पण त्याचे पोर्ट १०/१०० चे आहेत आणि तुझा प्लॅन २०० एमबीपीएसचा आहे. तुझा प्लॅन ५० चा असता तर मी हाच घे म्हटले असते. आर्चर सी ६ आणि आर्चर एएक्स १० या दोहोंचे पोर्ट गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसचे, आहेत, त्यामुळे तिथे अडणार नाही. मात्र नावे नीट वाच. शाओमीचा ४ ए हा राउटर दोन रूपांत निघाला. एकाचे पोर्ट १०० चे आणि दुसऱ्याचे गिगाबिटचे. फरक फक्त 'गिगाबिट एडिशन' एवढ्या दोन शब्दांचा, आणि घाईत पाहणाऱ्याला ते चित्रात दिसतही नाहीत.

आता खोक्यावरच्या मोठ्या आकड्यांविषयी. 'एसी १२००' यातील १२०० हा वेग कोणत्याही एका उपकरणाला कधीच मिळत नसतो. असा राउटर दोन रेडिओ पट्ट्यांवर बोलतो; २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे ८६७ यांची ती बेरीज आहे, आणि तीही वर सरकवून गोल केलेली. तुझा लॅपटॉप एका वेळी एकाच पट्ट्यावर असतो. 'एसी ७५०' म्हणजे याच रीतीने ३०० अधिक ४३३. शिवाय हे कागदावरचे वेग असतात. एकाच खोलीत बसूनही प्रत्यक्षात निम्म्याच्या आसपास किंवा थोडे अधिक हाती येते, आणि तेही घरातल्या सर्व उपकरणांत वाटून. तरीही ८६७ चे निम्मे तुझ्या २०० पेक्षा दुपटीने जास्त आहेत, हे लक्षात घेतलेस तर खोक्यावरच्या आकड्यांची भुरळ आपोआप उतरेल. आणखी एक गल्लत लोक करतात: प्लॅनचा आकडा बिटमध्ये असतो आणि फाइल उतरवताना संगणक बाइटमध्ये दाखवतो, म्हणून २०० च्या प्लॅनवर २५ दिसले तर ती फसवणूक नसते; आठाने भागलेले असते, इतकेच.

अँटेनांच्या संख्येने तर मुळीच भुलू नकोस. चार अँटेनांपैकी बहुधा दोन एका पट्ट्याच्या आणि दोन दुसऱ्याच्या असतात. राउटरने किती शक्तीने बोलावे यावर सरकारी मर्यादा आहे, त्यामुळे 'लाँग रेंज' असे छापलेला राउटर कायद्यात राहून फार मोठ्याने बोलू शकत नाही. आणि समजा बोलला, तरी उत्तर तुझ्या फोनला द्यायचे असते. दूरच्या खोलीतला फोन राउटरचे ऐकतो, पण फोनचा आवाज राउटरपर्यंत पोहोचत नाही. मग पडद्यावर वायफायच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि काम मात्र पुढे सरकत नाही. ट्रंक कॉलवर पलीकडचा माणूस स्वच्छ ऐकू यायचा आणि आपले त्याला काहीच ऐकू जायचे नाही, तसाच हा प्रकार आहे.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे तुझ्या भिंतींकडे येते. दिवाळीत तुझ्याकडे आले होते तेव्हा दिनदर्शिकेसाठी मी खिळा ठोकायला गेले आणि तो वाकला, आठवते का? तेव्हाच माझ्या मनात आले होते की या विटांच्या भिंती नाहीत. पुण्यातल्या नव्या उंच इमारतींत ॲल्युमिनियमच्या साच्यांत भिंती आणि छत एकदमच काँक्रीटने ओततात. बांधकामावरची माणसे त्याला 'मिवान' म्हणतात. घर भक्कम होते, पण आतल्या भिंतीही सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि वायफायची लहर त्यात दमून जाते. ५ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम सहा सेंटिमीटर लांबीची, ती वेगवान असली तरी अशा भिंतीपुढे लवकर हार मानते. २.४ ची लहर साडेबारा सेंटिमीटरची, ती तुलनेने पलीकडे जाते, पण त्या पट्ट्यावर तुझ्या मजल्यावरच्या सगळ्या घरांची गर्दी असते. तिथे एकमेकांवर न चढणारे चॅनेल, म्हणजे पट्ट्यातल्या वाटा, तीनच, १, ६ आणि ११, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच परिसरात, २.४५ वर, चालतो. ५ च्या पट्ट्यात जागा पुष्कळ आहे आणि आपल्याकडे २०१८ च्या अधिसूचनेने त्याचा बराच भाग परवान्याविना वापरायला खुला झाला. म्हणजे तुला वेग हवा असेल तर ५ चाच पट्टा हवा, आणि तो हवा असेल तर राउटर आणि तू यांच्यामध्ये काँक्रीटची एकापेक्षा जास्त भिंत असता कामा नये.

तुझ्या घरी सध्या काय आहे? फायबरची पेटी मुख्य दारामागे, चपलांच्या कपाटाच्या वरच्या कप्प्यात आणि तेही दार लावून. तुझे टेबल अगदी टोकाच्या खोलीत, मध्ये दोन भिंती आणि फरशा बसवलेले न्हाणीघर. नवा राउटर तू त्याच कपाटात ठेवणार असशील तर कोणताही घे, मला त्यात मत नाही.

माझे ऐकशील तर राउटर घराच्या मधोमध, दोन्ही खोल्यांची दारे जिथे उघडतात त्या बोळात, डोक्याच्या उंचीवर लाव, आणि फायबरच्या पेटीपासून तिथपर्यंत केबल ने. केबल भिंतीवरून लोंबकळत न्यायची गरज नाही. तुझ्या दिवाणखान्यात टेलिफोनचा एक रिकामा पॉइंट आहे, ज्यावर तू कुंडी ठेवली आहेस. बिल्डरने त्यासाठी भिंतीतून नळी घातलेली असते आणि तिच्यात टेलिफोनची पातळ तार पडून असते. तिच्याच टोकाला नवी केबल चिकटपट्टीने घट्ट बांधायची, एकाने पलीकडून हळूहळू ओढायचे आणि दुसऱ्याने इकडून पुरवायचे. वळणावर अडली तर ओढाताण करायची नाही. थोडी मागे घेऊन पुन्हा पुढे सरकवायची. सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनला हे काम अर्ध्या तासाचे आहे, फक्त ती नळी विजेच्या तारांची नाही याची खात्री त्याच्याकडूनच करून घे. केबल कॅट ५ ई प्रतीची पुरते, पण शुद्ध तांब्याची माग. स्वस्त केबलींत ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याचा मुलामा असतो. चाकूने किंचित खरवडले की आतली पांढरी तार दिसते.

केबल नेणे अगदीच अशक्य ठरले तर रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पोहोचवणारी पेटी, घेण्याचा मोह होईल. साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. नाइलाज म्हणूनच तो घ्यावा.

आता सी ६ की एएक्स १०? एएक्स १० हा वायफाय ६ चा आहे, म्हणजे नव्या पिढीचा, आणि अनेक उपकरणे एकाच वेळी बोलत असताना ही पिढी अधिक शिस्तीने काम करते. पण त्याचा 'एएक्स १५००' हा आकडा फोडून पाहा: ३०० अधिक १२०१. यातला ३०० चा, म्हणजे २.४ चा भाग जुन्याच पिढीचा आहे. नवेपण फक्त ५ च्या पट्ट्यावर. तुम्ही दोघी राहता, दोन लॅपटॉप, दोन फोन आणि एक टीव्ही. तुझ्या मैत्रिणीचा लॅपटॉप जुना आहे असे तू म्हणाली होतीस, म्हणजे त्याला वायफाय ६ चा काहीच उपयोग नाही. माझ्या मते सी ६ घ्यावा आणि उरलेले पैसे केबल आणि वीज गेल्यावर लागणाऱ्या बॅटरीवर घालावेत. घरात पंधरा-वीस उपकरणे असती किंवा प्लॅन ५०० चा असता तर मी उलट सांगितले असते.

विकत घेताना दुकानात किंवा घरी आल्यावर खोक्याच्या तळाची चिठ्ठी वाच. एकाच नावाच्या राउटरच्या आतले भाग कंपन्या बदलत राहतात आणि तिथे व्ही २, व्ही ३, व्ही ४ असे लिहितात. तुझ्या हाती जी आवृत्ती येईल तिच्यासाठी कंपनीच्या संकेतस्थळावर फर्मवेअरची, म्हणजे राउटरच्या आतल्या आज्ञावलीची, शेवटची दुरुस्ती कधी आली ते बघ. दोन-तीन वर्षांत काहीच आले नसेल तर तो राउटर सोड, कारण सुरक्षेतल्या फटी बुजवणारे कोणी मागे उरलेले नाही. जोडल्यावर पहिल्यांदा आतल्या व्यवस्थापनाचा पासवर्ड बदल, डब्ल्यूपीएस (पासवर्डाशिवाय बटण किंवा पिनने जोडण्याची सोय) बंद कर, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए २ किंवा ३ ठेव. आणि फायबरच्या पेटीतही राउटर असतोच, म्हणून नव्याला 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून, म्हणजे फक्त वायफाय पसरवण्यापुरता, लाव. नाहीतर दोघेही उपकरणांना नेटवर्कचे पत्ते वाटत बसतील आणि तुझ्या ऑफिसचे व्हीपीएन (ऑफिसशी जोडणारी सुरक्षित वाट) कधीमधी रुसेल. पेटीचे स्वतःचे वायफाय मात्र बंद करायला विसरू नकोस.

विजेचेही पाहा. तुमच्याकडे गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालतो, पण वायफाय जाते. त्यासाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरला वीज पुरवणारी बॅटरीची पेटी, मिळतो. घेण्याआधी राउटर आणि फायबरची पेटी, दोन्हींच्या ॲडॉप्टरवर व्होल्ट आणि ॲम्पिअर वाच. यूपीएसचे व्होल्ट त्यांच्याशी तंतोतंत जुळले पाहिजेत, ॲम्पिअर जास्त असले तर चालतात. एकच वस्तू बॅटरीवर ठेवलीस तर काही साधणार नाही.

पैसे भरण्याआधी एवढे कर. लॅपटॉप केबलने थेट फायबरच्या पेटीला लावून वेग मोज. मग फोनवर वायफायची शक्ती दाखवणारे एखादे ॲप घेऊन टेबलापाशी, पलंगापाशी आणि स्वयंपाकघरात आकडे टिपून घे. हे आकडे उणे असतात; उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो आणि उणे ८० च्या पुढे नुसती झटापट. शेवटी पेटी कपाटाबाहेर काढून तेच पुन्हा कर. केबलवरही २०० येत नसतील तर आपला संशय चुकला, आणि राउटर घेण्याचे तूर्त थांबव. आकडे मला पाठव.

केबल पंधरा मीटर आण, कमी पडली तर जोड देऊ नकोस. टोकांना आरजे-४५, म्हणजे पोर्टात बसणारे प्लग, लावण्याची घाईही करू नकोस; ते दाबून बसवण्याचे, क्रिम्पिंगचे हत्यार माझ्याकडे निवृत्तीनंतरही जपून ठेवलेले आहे, पुढच्या शनिवारी येताना घेऊन येते. कुंडी मात्र त्या पॉइंटवरून आधीच हलवून ठेव, कारण मागच्या खेपेला पाहिले तेव्हा तिचे पाणी आत झिरपत होते.

तुझी,
आई