टोपी म्हणजे हॅट नव्हे

गेल्या रविवारी वडिलांना घेऊन कोल्हापुरातल्या एका नव्या हॉटेलात जेवायला गेलो. दारातच हॉटेलच्या पोरानं सांगितलं, ‘आजोबा, टोपी काढा, आत चालत नाही.’ वडील ८१ वर्षांचे, आयुष्यभर गांधी टोपी वापरलेले. त्यांनी मुकाट्यानं ती घडी घालून खिशात ठेवली आणि तांबडा-पांढरा येईपर्यंत उघड्या टाळूवरून हात फिरवत बसले. मला घास उतरेना.

घरात शिरताना हॅट उतरवणं हा युरोपातला रिवाज, तिथं तो जरूर पाळावा. आपल्याकडं मात्र टोपी, फेटा हा सदऱ्यासारखाच पोशाख आहे. लग्नात तर पाहुण्याला आपण फेटा बांधून मान देतो. हॉटेलमालकांनी हा नियम ताबडतोब काढावा. शेजारच्या टेबलावर ताटांना खेटून दोन धुळकट हेल्मेट ठेवली होती, त्यांना कुणी हटकलं नाही.

– एक वाचक, कोल्हापूर